नळ लांबीतच का उकलतो?

सापगावच्या पुलाखालून भातसा वाहते. याच शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ पासून मुंबईची तहान भागवतंय. अशा धरणांचं पाणी नेणारी एखादी पोलादी जलवाहिनी फुटली, की उंच कारंजं सगळ्यांना दिसतं. मला मात्र चीर कुठल्या दिशेला गेली, हे जास्त बोलकं वाटतं.

आतल्या दाबाने फुटलेला नळ बहुधा लांबीत उकलतो, वालाच्या शेंगेसारखा. पातळ भिंतीच्या बंद नळात घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. गंजाने पत्रा निम्मा झिजला, तर तो ताणही आणखी दुप्पट.

धक्क्याची गोष्ट याहून भयंकर. सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारं पाणी झडप झटकन मिटून अडवलं, तर पोलादी नळात दाब क्षणात साधारण १०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका वाढतो आणि त्याची लाट उलटी धावते. गंजाच्या खड्ड्याशी, वेल्डिंगमधल्या बारीक भेगेशी ताण एकवटतो. चीर तिथूनच सुरू होते. म्हणून मोठ्या वाहिनीची झडप अगदी सावकाश फिरवतात.