आतड्याच्या आत नेलेला दिवा

तंजावूरला जाण्याचा योग आला, तर बृहदीश्वराचे दर्शन आटोपून आपण सरस्वती महाल ग्रंथालयाकडे अवश्य वळावे. सरफोजीराजे भोसले (दुसरे) यांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकीर्दीत ज्या ग्रंथसंग्रहाला वैभव आणले, त्यात पोथ्यांबरोबरच नेत्ररोग्यांची टिपणेही जपून ठेवलेली आहेत. रोग्याची तक्रार काय, उपचार कोणता केला, गुण किती आला, हे त्यांत नोंदलेले आहे. सोबत रोगग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. राजांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा सर्व पद्धतींचे वैद्य एकत्र नांदत. आधी विकार डोळ्यांनी पाहावा, लिहून ठेवावा आणि मग औषध द्यावे, ही त्या टिपणांमागची दृष्टी आजही शिकण्याजोगी आहे.

डोळ्याचा विकार वैद्याला समोर दिसतो. पोटाचे तसे नाही. मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे, वळणावळणाचे आणि पूर्ण अंधारातले. सरफोजीराजे तंजावूरला राज्य करीत होते, त्याच काळात, १८०६च्या सुमारास, जर्मनीतील फिलिप बोझिनी नावाच्या वैद्याने मेणबत्ती आणि आरसा बसविलेली एक नळी तयार करून शरीराच्या पोकळ्यांत डोकावण्याचा प्रयत्न केला. परंतु प्रकाश सरळ रेषेत जातो आणि आतडे वळते! ही अडचण पुढे दीडशे वर्षे सुटली नाही. १९५४ साली लंडनमध्ये हॅरोल्ड हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातील नरिंदरसिंग कपानी यांनी केसासारख्या बारीक काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाकवून नेता येते, हे दाखवून दिले. त्याच तत्त्वावर लवचीक दुर्बिणी निर्माण झाल्या. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी संपूर्ण मोठे आतडे पाहण्याची आणि त्यातील मांसांकुर तारेच्या फासाने काढण्याची रीत रूढ केली. हीच कोलोनोस्कोपी. आता काचतंतूंची जागा नळीच्या टोकावरील चिमुकल्या कॅमेऱ्याने घेतली आहे आणि आतड्याचे चित्र पडद्यावर दिसते.

वाचकहो, या तपासणीचे महत्त्व ज्या एका गोष्टीत आहे, ती आपल्या घरांत बोलली जात नाही. शौचावाटे रक्त पडले की वडीलधारी माणसे ‘मूळव्याध असेल’ म्हणतात, कोणी पुडी आणून देतो आणि पुष्कळदा विषय तिथेच मिटतो. बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते, हे खरे. पण मोठ्या आतड्यातील व्रण, मांसांकुर आणि कर्करोग यांतूनही रक्तच पडते, आणि नुसत्या रक्तावरून कारण ओळखता येत नाही. मांसांकुर हा प्रारंभी निरुपद्रवी असतो. त्यांपैकी काहींचे कर्करोगात रूपांतर होते आणि त्याला बहुधा दहा-एक वर्षे लागतात. या अवधीत तो दुर्बिणीतून दिसला, तर त्याच बैठकीत बहुधा काढता येतो. पुडीवर घालविलेली वर्षे मात्र परत मिळत नाहीत.

आपल्या देशात आणखी एक पेच आहे. दीर्घकाळ पोटदुखी, ताप आणि वजनात घट असलेल्या रोग्याला आतड्याचा क्षय असू शकतो किंवा क्रोन नावाचा विकारही. दोन्हींचे आवडते ठिकाण एकच : लहान आणि मोठे आतडे जेथे जुळतात तो भाग. उपचार मात्र अगदी भिन्न. क्रोन समजून दिलेल्या स्टेरॉइडने क्षय बळावतो. क्षय समजून महिनोन्महिने दिलेल्या गोळ्यांनी क्रोन हटत नाही. म्हणून दुर्बिणीतून व्रण पाहून त्यांचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. तेवढ्यानेही कधी कधी निकाल लागत नाही आणि उपचारानंतर पुन्हा पाहावे लागते.

तपासणीची खरी परीक्षा आदल्या दिवशी असते. आतडे स्वच्छ नसेल, तर उत्तम दुर्बिणीलाही काही दिसत नाही. एक-दोन दिवस आधीपासून बियांची फळे, पालेभाज्या, डाळी वर्ज्य. म्हणजे ज्या सांबाराचे जनकत्व तंजावूरचे मराठे अभिमानाने सांगतात, तेही तूर्त बंद! मग गाळलेली पेज, नारळपाणी आणि रुग्णालयाने दिलेले रेचक द्रावण ठरल्याप्रमाणे घ्यावे. ते बेचव असते आणि अनेकांना ते अर्ध्यावर सोडण्याचा मोह होतो, तो आवरावा. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

प्रत्यक्ष तपासणीत रोग्याला डाव्या कुशीवर निजवून गुंगीचे औषध देतात आणि बोटाहून फार जाड नसलेली नळी हळूहळू आत सरकवितात. अर्धा-पाऊण तास लागतो. आतडे फुगविण्यासाठी सोडलेल्या वायूने नंतर पोट काही काळ तडस लागल्यासारखे वाटते. आतड्याला छिद्र पडणे किंवा मांसांकुर काढल्यावर रक्तस्राव होणे हे धोके आहेत, पण क्वचित घडणारे. घरी परतल्यावर तीव्र पोटदुखी, ताप किंवा पुष्कळ रक्त आढळल्यास मात्र सकाळची वाट पाहू नये.

रक्त पडणे, शौचाच्या सवयीत आठवडेच्या आठवडे टिकणारा बदल, उतारवयात अकारण आलेली पंडुता, यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर त्रास नसतानाही चाळिशीला, अथवा त्यांना तो ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांतील जे लवकर येईल तेव्हा तपासणी करण्याचा सल्ला देतात.

तपासणीनंतर आपल्या हाती एक अहवाल येतो. त्यात दुर्बिण कोठवर पोचली, काय दिसले, काय काढले हे लिहिलेले असते आणि सोबत आतड्याची रंगीत छायाचित्रे असतात. पुढील तपासणी किती वर्षांनी करावयाची, हे मांसांकुरांची संख्या, आकार आणि जात यांवरून ठरते. तेव्हा तो कागद घरातील खरेदीखतांच्या पेटीतच ठेवावा.