यंत्राची नजर

कर्करोग न सांगता येतो, असा आपला समज असतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची गोष्ट निराळी आहे. एच.पी.व्ही. या विषाणूचा संसर्ग टिकून राहिला, तर तेथील पेशी हळूहळू बिघडतात आणि पुढे त्यांतून कर्करोग उद्भवतो. याला बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणजे पाहायला सवड भरपूर आहे. प्रश्न एवढाच, की पाहायचे कोणी?

मुंबईने याचे एक उत्तर दिले. १९९८ साली टाटा स्मारक केंद्राने झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविका तयार केल्या. गर्भाशयमुखाला सौम्य असेटिक आम्ल लावायचे, मिनिटभर थांबायचे. बिघडलेला भाग पांढरा दिसू लागतो. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला : जेथे दर दोन वर्षांनी ही तपासणी झाली, त्या वस्त्यांत इतर वस्त्यांच्या मानाने या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते.

तथापि कोणता पांढरेपणा धोक्याचा आणि कोणता साध्या सुजेचा, यावर दोन जाणकारांचेही एकमत होत नाही. येथे यंत्राची मदत घेता येते. कोस्टा रिकातील ग्वानाकास्ते प्रांतात नऊ हजारांवर स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची छायाचित्रे पूर्वी घेतलेली होती आणि पुढील सात वर्षांत कोणाला विकार जडला, हेही नोंदलेले होते. अमेरिकी शास्त्रज्ञांनी ती चित्रे संगणकापुढे ठेवली. नियम सांगितले नाहीत. उदाहरणांवरून तो शिकला. २०१९ साली हे काम प्रसिद्ध झाले. ज्या मापावर १ म्हणजे निर्दोष निवड आणि ०.५ म्हणजे नुसती नाणेफेक, त्यावर संगणकाला ०.९१ मिळाले, माणसांनी केलेल्या वाचनाला ०.६९.

पण हुरळून जाऊ नये. ती छायाचित्रे एकाच प्रकारच्या कॅमेऱ्याने घेतलेली होती. कॅमेरा बदलला की ही विद्या अडखळते, असे पुढे दिसून आले. एकाच मास्तरांचे अक्षर वाचून शिकलेल्या मुलाला दुसऱ्याचे अक्षर लागू नये, तसेच हे. म्हणून आता निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या कॅमेऱ्यांची चित्रे संगणकाला दाखविली जात आहेत.

आणि यंत्र सांगणार एवढेच, की येथे संशय आहे. मुंबईत मृत्यू घटले ते नुसते पाहिल्याने नव्हे. सेविका दारी गेली, संकोच सोडून बाई तपासणीला आली आणि संशय निघाला तेव्हा तिच्यावर उपचार झाले. नजर यंत्राची चालेल. बोलावणे आणि उपचार आपल्यालाच करावे लागतील.