चिखलात उन्हाळा काढणारे कासव

मुलताईजवळ उगम पावणारी तापी खानदेश ओलांडून सुरत जिल्ह्यात शिरते आणि कामरेजजवळून वाहत पुढे समुद्रास मिळते. कामरेजचा परिसर काकरापारच्या कालव्यांवर भिजणारा, उसाचा व भाताचा. अशा प्रदेशातील तळी, पाटचाऱ्या व भातखाचरे हे ज्या जलचराचे हक्काचे घर, ते झडपांचे कासव होय. शास्त्रज्ञ त्यास ‘लिसेमिस पंक्टाटा’ म्हणतात. त्याच्या पाठीवर शल्के नसतात, हाडांच्या ढालीवर गुळगुळीत कातडे असते. पोटाच्या ढालीस मागील बाजूने दोन कातडी झडपा असून आखडून घेतलेले मागचे पाय त्यांखाली झाकले जातात. मोठ्या मादीची पाठ सुमारे 35 सेंटिमीटरपर्यंत भरते. नर लहानच राहतो.

बेडूक, मासे, गोगलगायी, कीटक, पाणवनस्पती, इतकेच नव्हे तर मेलेली जनावरेही ते खाते. विहिरीत कासव सोडल्यास पाणी स्वच्छ राहते, हा ग्रामीण समज त्यामुळे अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु त्या कासवाचे पुढे काय होते, याचा विचार क्वचितच केला जातो.

वस्तुतः या प्राण्याचे निम्मे आयुष्य मातीशी बांधलेले आहे. तळे आटू लागले की ते एक तर जमिनीवरून चालत दुसरे पाणी गाठते, नाहीतर चिखलात स्वतःस गाडून घेऊन पावसाची वाट पाहते. मादी काठच्या मातीत खळगा करून गोल, कठीण कवचाची अंडी घालते. एका वेळी दोनपासून चौदापर्यंत. अंड्यातील गर्भाची वाढ काही काळ थांबून राहते. त्यामुळे पिले बाहेर पडण्यास कित्येक महिने लागतात. बांधीव विहिरीच्या उभ्या भिंतींत अथवा धनलाभाच्या आशेने दिवाणखान्यात मांडलेल्या काचेच्या टाकीत यांपैकी काहीच घडू शकत नाही. तेथे कासव वर्षानुवर्षे जगेलही, पण त्याचा वंश तेथेच थांबतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत या कासवाचा समावेश असल्याने ते पकडणे, विकणे वा घरी पाळणे हा गुन्हा आहे. उन्हाळ्यात नांगरटीच्या वेळी ढेकळांखाली निश्चल कासव सापडले, तर ते मेले वा वाट चुकले असे समजून विहिरीत टाकू नये. जवळच्याच तळ्याच्या किंवा चारीच्या मऊ, सावलीच्या काठी ते सोडावे. जखमी असल्यास वन विभागास कळवावे.