सणाचे गाणे

डिसेंबरात कामानिमित्त धारवाडहून हुबळीस गेलो होतो. दुर्गदबैलच्या बाजारात एका दुकानातून नाताळचे इंग्रजी गाणे कानी आले. बरोबरचा नातू म्हणाला, "आजोबा, हे माझ्या जन्माआधीचे गाणे. पण डिसेंबर आला की अमेरिकेत पुन्हा पहिल्या क्रमांकावर!"

चौकशी केली, तो बोलणे खरे निघाले. मारिया केरी या गायिकेचे ते गाणे १९९४ सालचे. तेथील यादीत अग्रस्थान त्याला प्रथम मिळाले २०१९ च्या डिसेंबरात. 'व्हॅम' या जोडीचे 'लास्ट ख्रिसमस' १९८४ चे. इंग्लंडात ते पहिले आले २०२१ च्या आरंभी. यात नवल थोडे, हिशेब अधिक. पूर्वी तबकडी विकली गेली की एकदा मोजली जाई. मग ती घरात वीस वर्षे का वाजेना! आता मोबाइलवर गाणे जितक्यांदा ऐकावे, तितक्यांदा त्याची नोंद होते. लोक ऐकतच होते. मोजणारा उशिरा आला, इतकेच.

आपल्याकडे असे गाणे नाही काय? आषाढी एकादशीच्या पहाटे कोणत्याही मराठी घरावरून जावे; भीमसेन जोशींच्या आवाजातले 'इंद्रायणी काठी' ऐकू येईल. पुष्कळांना तो संतांचाच अभंग वाटतो. वास्तविक ते १९५३ च्या 'गुळाचा गणपती' या बोलपटातले, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल पु. ल. देशपांडे यांची. नाताळचे 'व्हाइट ख्रिसमस' हेही १९४२ च्या एका बोलपटातूनच आले आणि ते रचणारे अर्व्हिंग बर्लिन तर ज्यू होते! नदीचे मूळ विचारू नये म्हणतात. सणाच्या गाण्याचेही तसेच.

आम्हा धारवाडकरांना या आवाजाचा अभिमान अंमळ जास्त. भीमसेन गदगचे, हुबळीजवळच्या कुंदगोळास सवाई गंधर्वांपाशी शिकले. श्रावणातल्या शुक्रवारी शेजारच्या कन्नड घरात 'भाग्यद लक्ष्मी बारम्मा' लागते, तेही त्यांच्याच आवाजात. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला 'कानडा' म्हटले, त्याची अशा वेळी आठवण होते.

अशी गाणी टिकतात, कारण ती एरवी मिटून ठेवलेली असतात. रोज नेसली तर ती पैठणी कसली? मात्र पेटी उघडणारे कोणी घरात हवे.

आमच्या घरी आषाढीचे गाणे लावण्याचा मान नातवाच्या आजीचा. ती गेल्यानंतरच्या पहिल्या आषाढीस ते कोणी लावलेच नाही. दुपारी फराळाला बसलो, वरीचे तांदूळ पानात पडले, तेव्हा सर्वांच्याच ध्यानी आले. पण बोलले कोणी नाही. असेच आणखी चार वर्षे गेले असते, तर ते गाणे आमच्या घरातून उठलेच असते. एका घराची ही तूट जगातल्या कोणत्याही यादीत दिसली नसती.

पुढल्या आषाढीस पहाटे मला जाग आली ती त्याच सुरांनी. नातवाने मोबाइलवर गाणे लावले होते व स्वतःही म्हणत होता. त्याचे शिक्षण कन्नड आणि इंग्रजीत. मराठी तो अजून अक्षरे लावून वाचतो. त्या गाण्यात मात्र तो एकदाही अडखळला नाही.