औषध लागू पडतंय का? स्कॅन सांगेल!

संध्याकाळी सहाला बोरिवलीहून मुलुंडला रस्त्याने निघालात आणि लिंक रोडला लटकलात, तर दीड-दोन तास सहज जातात. तेवढ्या वेळात फ्लोरिन-१८ अर्धं संपतं! या किरणोत्सारी फ्लोरिनचं अर्धायुष्य साधारण ११० मिनिटं. म्हणून ते तयार करणारं सायक्लोट्रॉन हॉस्पिटलच्या जवळपास लागतं. देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ मध्ये आपल्याच परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आलं.

हे फ्लोरिन ग्लुकोजसारख्या रेणूला जोडून शिरेतून देतात. ज्या पेशी जास्त साखर खातात, त्या पेट स्कॅनमध्ये उजळून दिसतात.

पण याचा औषधाशी काय संबंध? इमॅटिनिब घ्या. पचनमार्गातल्या 'जिस्ट' नावाच्या कॅन्सरच्या गाठींवर ते देतात. सीटी स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली दिसायला आठवडे, कधी महिने जातात. पेटमध्ये मात्र तिची साखरेची भूक काही दिवसांतच मंदावलेली दिसते. औषध लागू पडत नसेल, तर तेही लवकर कळतं. कॅन्सरच्या पेशंटसाठी एक-दोन महिने म्हणजे किती, हे वेगळं सांगायला नको.

फार्मसीवाल्यांनो, तुमच्यासाठी अजून एक. औषध शरीरात कुठे जातं हे बघायला पूर्वी ठरावीक वेळाने उंदरांचा एकेक गट मारावा लागे. छोट्या प्राण्यांच्या स्कॅनरमुळे तोच उंदीर पुन्हा पुन्हा तपासता येतो. भारीच! अर्थात स्कॅनला दिसतो फक्त किरणोत्सारी अणू. तो अख्ख्या औषधाला चिकटलाय की त्याच्या तुटलेल्या तुकड्याला, हे कळायला रक्ताचे नमुने तपासावेच लागतात.