लेकराचे मनोगत, बापाचा फेटा

पदवीदान समारंभात पदवीधराने तोंड उघडायचे नसते. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत भाषणे होतात ती कुलपतींची, कुलगुरूंची आणि बाहेरून बोलावलेल्या पाहुण्यांची. ज्याच्यासाठी हा सगळा थाट, तो झगा घालून रांगेत बसतो, नाव पुकारले की उठतो, प्रमाणपत्र घेतो आणि जागेवर येतो. त्यामुळे मुलाचे भाषण ऐकून आईबापाचा ऊर भरून येण्याचा प्रसंग धाराशिव जिल्ह्यात पाहायचा असेल, तर विद्यापीठाच्या सभागृहाकडे जाऊन उपयोग नाही. तो शाळेच्या निरोप समारंभात आणि त्याहून जास्त गावातल्या सत्कारात सापडतो.

शिकून निघालेल्याने ऐकायचे आणि शिकवणाऱ्याने सांगायचे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत विद्या संपवून निघालेल्या शिष्याला गुरू आई आणि वडील यांना देवासमान मानायला सांगतो. ते आईवडील मात्र त्या प्रसंगी कुठे दिसत नाहीत. १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुंबई विद्यापीठ उभे राहिले आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले चार बी. ए. बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. तेव्हापासून समारंभाचा साचा ठरला तो ठरलाच. अमेरिकेत वेगळे घडले. हार्वर्डच्या १६४२ सालच्या पहिल्या पदवीदानात नऊ पदवीधर होते आणि भाषणे विद्यार्थ्यांनीच केली, अर्थात लॅटिन आणि ग्रीकमध्ये. पुढे तिथल्या शाळा-महाविद्यालयांत निवडलेल्या विद्यार्थ्याने निरोपाचे भाषण करण्याची प्रथा रुजली आणि समोर बसलेल्या आईबापांना लेकराचे बोलणे समजेल अशी भाषाही आली.

धाराशिवच्या आईबापांसाठी तर पदवी हीच लांबची गोष्ट होती. १९४८ पर्यंत जिल्हा निजामाच्या राज्यात होता. पदवी घ्यायची तर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची, आणि १९१८ साली सुरू झालेल्या त्या विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ साली त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. धाराशिव शहरात या विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, आणि उमरगा, मुरूम, कळंब, तुळजापूर इथल्या महाविद्यालयांमुळे पदवी घराच्या अंगणापर्यंत आली. मुख्य दीक्षान्त सोहळा मात्र अडीचशे किलोमीटरवर. तिकडे जायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवायची आणि जनावरांचे चारापाणी कुणाच्या तरी गळ्यात टाकायचे. बहुतेकांची पदवी महाविद्यालयाच्या छोट्या पदवी वितरणात, नाहीतर कार्यालयाच्या खिडकीवरच हाती पडते.

मुलाला पहिल्यांदा माईक मिळतो तो दहावीच्या किंवा बारावीच्या निरोप समारंभात. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली की जानेवारी-फेब्रुवारीत खालच्या वर्गातली मुले हा कार्यक्रम घडवून आणतात. ‘सन्माननीय व्यासपीठ’ अशी सुरुवात होते, गुरुजनांचे आभार मानले जातात, मध्येच गळा दाटतो. पालकांना बोलावणे सहसा नसतेच. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतली कित्येक कुटुंबे तर त्या दिवसांत गावातही नसतात. दिवाळीच्या मागेपुढे मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा कोयता ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतो, तो गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततो. मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. लेक पहिल्यांदा चारचौघांत बोलते तेव्हा आई कुठल्याशा फडात मोळ्या बांधत असते. आता शिक्षक किंवा मैत्रिणी मोबाइलवर चित्रण करून पाठवतात आणि संध्याकाळी कोपीबाहेर ते पुन्हा पुन्हा लावले जाते.

खरे मोठे भाषण होते ते नोकरी लागल्यावर किंवा मोठा प्रवेश मिळाल्यावर. राज्यसेवा, पोलीस भरती, सैन्य किंवा वैद्यकीय प्रवेशाचा निकाल लागला की वेशीवर फलक झळकतो, हलगी वाजते, गुलाल उधळला जातो आणि मारुतीच्या पारापर्यंत मिरवणूक निघते. शाल-श्रीफळ होते, बापाच्या डोक्याला फेटा बांधला जातो, आणि मग सूत्रसंचालक सत्कारमूर्तीला मनोगत व्यक्त करायला सांगतो. या मनोगताचा ऐवज बराचसा ठरलेला असतो : विकलेली म्हैस किंवा गहाण पडलेले रान, आईचा रोजगार, पुण्यातल्या अभ्यासिकेतले दिवस, हुकलेले प्रयत्न. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात, हे खरेच. पण घरातली उधारी आणि उपास गावासमोर, तेही सावकार आणि सरपंच पुढच्या रांगेत असताना उघडे पडतात, तेव्हा फेट्याखालच्या चेहऱ्यावर अभिमानाबरोबर अवघडलेपणही असते. कष्ट सोसलेले असतात बापाने, आणि ते सांगावेत की नाही हे कोणी त्याला विचारलेले नसते. आताशा मुलाची गोष्ट जितकी खडतर तितक्या टाळ्या जास्त, असा हिशेबही या व्यासपीठांवर शिरला आहे, आणि तो काही फार बरा नाही.

बापाने अभिमान गिळून टाकण्याचे एक ठळक उदाहरण खुद्द आंबेडकरांच्या घरातले आहे. शाळकरी भीमराव इंग्रजी परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा समाजातल्या मंडळींनी अभिनंदनाची सभा घ्यायचे ठरवले. वडील रामजी सकपाळांनी साफ नकार दिला. नुसती परीक्षा तर पास झाला आहे, एवढ्याने पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. मंडळींनी मग रामजींचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर यांना मध्ये घातले. थोडी हुज्जत झाली, रामजी नमले आणि सभा झाली. केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत आंबेडकरांनी ही हकिकत सांगितली आहे. नकार देणारा हाच बाप मुलाला पहाटे उठवून अभ्यासाला बसवत असे. तोंडावर कौतुक करायचे नाही आणि शेजाऱ्याला मात्र गुणपत्रिका दाखवायची, हा मराठवाड्यातल्या बापांचा स्वभावही याच जातीचा.

आईचे काय? पुष्कळ सत्कारांत ती व्यासपीठासमोर बायकांच्या घोळक्यात बसलेली असते. अलीकडे आईवडिलांना जोडीने वर बोलावण्याची पद्धत रूढ होत आहे आणि मुली तर मनोगतात हटकून आधी आईचे नाव घेतात. कागदावरही बदल झाला आहे. राज्य सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नोंद स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने करायची आहे. त्या क्रमाने नाव पुकारले जाणारे पदवीधर २०४५च्या आसपास व्यासपीठावर येतील.