वाटांची वही: लिनक्सने कशी दुरुस्त केली, का फाडली?

भद्रावती (प्रतिनिधी) : रेल्वेने भद्रावतीला येणाऱ्या नवख्याला तिकीट 'भांदक' स्थानकाचे काढावे लागते. एकदा कळले की पुढच्या वेळी तो कुणाला विचारत नाही. संगणकाचेही असेच. नेटवर्कवरील माहितीचे प्रत्येक 'पॅकेट' कोणत्या वाटेने धाडायचे, हे मुख्य तक्त्यात दरवेळी शोधण्याऐवजी लिनक्स प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, सापडलेली वाट तात्पुरत्या वहीत टिपून ठेवीत असे. तिला 'राउट कॅश' म्हणत.

या वहीला कप्पे होते. कोणती नोंद कुठल्या कप्प्यात जाणार, हे पाठविणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या पत्त्यावरून ठरे. घोटाळा इथेच होता, कारण ते गणित सर्वांना ठाऊक होते. खोटे पत्ते नेमके निवडून पॅकेट्स धाडली, तर साऱ्या नोंदी एकाच कप्प्यात कोंबल्या जात. मग प्रत्येक नव्या पॅकेटसाठी कर्नलला तो ढीग उपसावा लागे आणि प्रोसेसर त्यातच गुंतून पडे. सर्व्हर ठप्प करण्यासाठी पॅकेट्सचा महापूर लागत नव्हता.

२००३ मध्ये हा दोष उघड झाला. उपाय म्हणून गणितात एक गुप्त यादृच्छिक आकडा मिसळण्यात आला. तो साधारण दर १० मिनिटांनी बदले. पण आकडा बदलला, की जुन्या नोंदी चुकीच्या कप्प्यात ठरत. म्हणून सगळी वहीच रिकामी करावी लागे. गजबजलेल्या सर्व्हरवर असंख्य नोंदी एकदम पुसायच्या म्हणजे पुन्हा प्रोसेसरवर ताण. रोगापेक्षा औषध जड, असाच प्रकार!

२००८ मध्ये २.६.२५ या आवृत्तीत एरिक ड्युमाझे यांनी यावर साधी युक्ती काढली. एसटीच्या पासाचे उदाहरण घेऊ. जुने पास घरोघर जाऊन गोळा करण्याऐवजी महामंडळाने शिक्काच बदलला, तर वाहक जुना शिक्का पाहताच पास नाकारील. तसाच प्रत्येक नोंदीवर 'पिढी क्रमांक' घालण्यात आला. वही ताजी करायची तर तो क्रमांक बदलायचा. जुन्या नोंदी समोर येतील तशा काढून टाकायच्या.

तरीही बाहेरचा कुणीही ही वही फुगवू शकतो, हे मूळ दुखणे राहिलेच. दरम्यान मुख्य तक्त्यातील शोधही पुष्कळ वेगवान झाला होता. अखेर डेव्हिड मिलर यांनी आयपीव्ही४ साठीची ही वही काढूनच टाकली. सप्टेंबर २०१२ मधील ३.६ या आवृत्तीपासून कर्नल वाट थेट मुख्य तक्त्यातच शोधतो.